२,१४,७४,८३,६४७ : यूट्यूबला धडकी भरवणारी आणि २०३८ मध्ये पुन्हा भेटणारी संख्या

डिसेंबर २०१४ मध्ये एक बातमी जगभर फिरली. 'गंगनम स्टाईल' इतक्यांदा पाहिलं गेलं की यूट्यूबचा काउंटरच मोडला! खरं तर तो मोडला नव्हता. इंजिनिअरांना संकट आधीच दिसलं होतं आणि त्यांनी बदल करून ठेवला होता. पण ज्या संख्येमुळे ही धावपळ झाली ती मोठी गमतीशीर आहे: दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

हा आकडा येतो कुठून? २ ला २ ने गुणत ३१ वा घात काढा आणि त्यातून १ वजा करा. कॉम्प्युटरच्या ० आणि १ च्या भाषेत ही संख्या म्हणजे ओळीने ३१ वेळा १. जुन्या पद्धतीत एका संख्येला ३२ घरं मिळतात, त्यातलं एक घर अधिक-उणे चिन्हासाठी जातं. उरलेली ३१ घरं भरली की जागा संपली. आणखी १ मिळवला तर हातचा थेट चिन्हाच्या घरात जातो आणि उत्तर येतं उणे २,१४,७४,८३,६४८. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९ नंतर शून्यावर यायचं, तसंच. फक्त इथे शून्यावर न थांबता गाडी उण्यात जाते.

कॉम्प्युटर येण्याच्या कितीतरी आधी या संख्येने गणितज्ञांना कामाला लावलं होतं. ही मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. हे लिओनार्ड ऑयलर यांनी दाखवलं आणि ते १७७२ मध्ये प्रसिद्ध झालं. सरळ मार्गाने जायचं तर ४६,३४० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागलं असतं, आणि त्या साडेचार हजारांहून जास्त आहेत. ऑयलर यांनी ओळखलं की भाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरेल. त्यामुळे तपासायला उरले जेमतेम ३७२ आकडे. तेही हाताने! पुढे कित्येक वर्षं ही जगातली सर्वात मोठी ज्ञात मूळ संख्या होती. १८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने तर लिहून टाकलं होतं की या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधायच्या भानगडीत पडणार नाही, कारण तिचा उपयोग काय? भाकीत सपशेल चुकलं.

मूळ संख्या असणं आणि कॉम्प्युटरची मर्यादा असणं हा मात्र निव्वळ योगायोग. यूट्यूबने नंतर घेतलेल्या ६४ घरांच्या मोजणीची कमाल संख्या मूळ नाही, तिला चक्क ७ ने भाग जातो.

आता खरी काळजी. अनेक सिस्टिम १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून तारीख ठरवतात. ३२ घरांच्या मोजणीत हे सेकंद १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. पुढच्याच सेकंदाला अशा घड्याळात तारीख येईल डिसेंबर १९०१ ची! नवे फोन आणि लॅपटॉप बहुतेक ६४ घरांचे आहेत, आणि लिनक्सने २०२० मध्ये ३२ घरांच्या यंत्रांसाठीही सोय केली. अडचण आहे ती एकदा बसवून विसरलेल्या यंत्रांची, ज्यांचं सॉफ्टवेअर कुणी कधी अपडेटच करत नाही. शिवाय पुढच्या तारखांचे हिशेब आजच करावे लागतात. वीस वर्षांचं गृहकर्ज आज घेतलं, तर त्याचे शेवटचे हप्ते २०३८ च्या पलीकडेच पडतात.