प्रथमोपचाराचा वर्ग कारागिराच्या वाटेवर हवा

1948 च्या कारखाना कायद्याने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी व ती सांभाळणारा प्रशिक्षित माणूस आवश्यक केला होता. मात्र दोन-चार कारागिरांची शिलाई, सुतारकाम वा वेल्डिंगची दुकाने त्या कायद्याबाहेरच राहिली. इजा तर तेथेही होते.

विजेचा धक्का बसल्यास आधी मेन स्विच बंद करावा, मगच माणसाला हात लावावा. रक्त वाहत असल्यास जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावी. भाजल्यास वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट लावू नये. लगेच 108 ला फोन करावा. ऐकायला हे सोपे आहे, पण ऐनवेळी जमायचे तर हाताने करून शिकावे लागते.

सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संस्था असे वर्ग घेते. वर्ग शहरात, वरच्या मजल्यावर असला की कारागिराची दिवसाची मजुरी बुडते आणि पाय अधू असलेल्याला जिना चढवत नाही. गुरुकुंज मोझरी अमरावती-नागपूर हमरस्त्यावर, एस.टी.च्या वाटेवर आहे. तेथे तळमजल्यावर वर्ग भरला तर तिवसा तालुक्यातील माणसे सहज येतील. दहा-वीस दुकानदारांनी मिळून जागा द्यावी व तशी मागणी करावी. दर दुकानामागे एक माणूस तयार झाला तरी पुष्कळ.