दांतांस आज्ञा कोण देतो?

धाकट्या भावंडाचा दुधाचा दांत पडला म्हणजे घरांत केवढें कौतुक होतें! परंतु त्या दांताची तयारी मातेच्या उदरांत, गर्भ अवघा सहा आठवड्यांचा असतांनाच, सुरू झालेली असते. ती कोणाच्या आज्ञेनें चालते, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

गर्भाच्या जबड्यावरील पातळ थर खालच्या मऊ थरांत शिरतो. त्याची प्रथम कळी, मग टोपी व शेवटीं घंटा अशी आकृति होते. वरच्या थरापासून दांताचें कठीण कवच व खालच्या थरापासून आंतील गाभा बनतो. हें काम चालू असतां दोन्ही थर एकमेकांस निरोप पाठवीत असतात. निरोप म्हणजे पेशींनीं स्रविलेलीं सूक्ष्म प्रथिनें. त्यांपैकीं कांहींस वृद्धिघटक म्हणतात. कुलुपास किल्ली लागावी, तसें प्रत्येक प्रथिन ठराविक पेशींसच लागू पडतें. १९६२ सालीं स्टॅन्ली कोहेन यांनीं उंदरांपासून काढलेला असा एक घटक नवजात पिलांस टोचला, तों त्यांचे दांत नेहमींपेक्षां लवकर उगवले. १९८६ सालीं त्यांस नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला.

टोपीच्या मध्यभागीं पेशींची एक लहानशी गांठ होते. तिच्यांतील पेशी स्वतः वाढत नाहींत. पण वृद्धिघटक स्रवून शेजारच्यांस वाढवितात, आणि काम संपतांच मरून जातात. दाढेंत पुढें अशा आणखी गांठी होतात. जेथें गांठ, तेथें दाढेचा उंचवटा.

निरोप पोंचलाच नाहीं तर? डार्विनच्या एका ग्रंथाच्या १८७५ सालच्या आवृत्तींत सिंधमधील एका हिंदु कुटुंबाची हकीगत आहे. चार पिढ्यांतील दहा पुरुषांस केवळ चार अशक्त पुढचे दांत व आठ दाढा होत्या. केस विरळ, त्वचा कोरडी, उन्हाळा असह्य. मुली निरोगी, पण त्यांच्या मुलांत तोच दोष उतरे. दांत, केस व घर्मग्रंथि यांस लागणारें एक निरोप्या प्रथिन नसलें म्हणजे असा विकार होतो. २०१८ सालीं जर्मनींतील डॉक्टरांनीं प्रसिद्ध केलें कीं, तें प्रथिन गर्भजलांत टोचल्यावर जन्मलेल्या बालकांस नीट घाम येऊं लागला.

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, एखाद्या सोबत्यास दांत कमी असल्यास त्यास हंसूं नका. त्यांत त्याचा अपराध नाहीं, त्याच्या मातेचाहि नाहीं. त्यास घाम येत नसेल, तर उन्हांतील खेळ थांबवून त्यास सावलींत न्या व पाणी द्या. गर्भांत हरवलेला निरोप आपल्या हातीं नाहीं. ही सोबत मात्र आहे.