जपानी व्यक्तिनामे : अर्थ आणि वाचन

काझुओ इशिगुरो यांची कादंबरी आमच्या शालेय वाचनालयात चाळीत असलेल्या एका विद्यार्थिनीने मध्यंतरी मला विचारले, "सर, काझुओ म्हणजे काय?" प्रश्न साधा होता, परंतु केवळ नाव ऐकून त्याचे उत्तर देता येत नाही, असे सांगताच ती चकित झाली. 'वसंत' हा शब्द कानी पडला की आपल्याला अर्थ कळतो. जपानी नावाचा अर्थ मात्र ते लिहिलेले पाहिल्यावाचून बहुधा निश्चित होत नाही. इशिगुरो यांच्या नावातील पहिले अक्षर 'एक' या अर्थाचे, तर दुसरे 'नर' किंवा 'वीर' या अर्थाचे आहे. दुसरा एखादा काझुओ 'सलोखा' आणि 'पुरुष' या अक्षरांनी आपले नाव लिहील. उच्चार तोच; नाव मात्र निराळे.

याचे मूळ लिपीत आहे. जपान्यांनी चीनमधून अर्थवाचक अक्षरे घेतली. त्यांच्यासोबत आलेला चिनी ध्वनी त्यांनी आपल्या वळणाने राखला आणि त्याच अक्षराला आपला देशी शब्दही जोडला. शिवाय काही वाचने केवळ नामांतच चालतात. त्यामुळे 'एक' हे अक्षर 'इचि', 'काझु' किंवा 'हाजिमे' असे वाचता येते. उलटपक्षी 'अकिरा' हे नाव अनेक अक्षरांनी लिहिता येते. चित्रपट-दिग्दर्शक कुरोसावा यांचे 'अकिरा' सूर्य आणि चंद्र शेजारी मांडून होणाऱ्या 'तेजस्वी' या अक्षराचे आहे.

या दुहेरी वाचनाचा उपयोग साहित्यिकांनीही केला आहे. बाराव्या-तेराव्या शतकांतील कवी फुजिवारा नो सादाइए हे रसिकांत 'तेइका' या चिनी वळणाच्या वाचनानेच अधिक ओळखले जातात. कादंबरीकार आबे यांचे मूळ नाव किमिफुसा. तीच दोन अक्षरे चिनी वळणाने वाचून त्यांनी 'कोबो' हे लेखननाम घेतले. एकही रेघ न बदलता नाव बदलले!

सर्वच नावे अशी गूढ नाहीत. इचिरो, जिरो, साबुरो म्हणजे अनुक्रमे पहिला, दुसरा, तिसरा मुलगा. हाना म्हणजे फूल. स्त्रीनामांच्या अखेरचा 'को' हा 'अपत्य' या अर्थाचा.

शिक्षकाला अधिक जिव्हाळ्याचा प्रश्न हजेरीचा. नावात कोणती अक्षरे चालावीत यावर १९४८ पासून कायद्याचे बंधन आहे. आज नित्य वापरातील २,१३६ आणि केवळ नामांसाठी मान्य केलेली ८६३ अक्षरे उपलब्ध आहेत. परंतु ती कशी वाचावीत याला बंधन नव्हते. 'मोठा' आणि 'भरारी घेणे' ही दोन अक्षरे जोडून लिहिलेला मुलगा हिरोतो असेल, हारुतो असेल किंवा यामातोही असेल. आश्चर्य असे की, सरकारी कुटुंबनोंदवहीत नावाची अक्षरे असत, उच्चाराची नोंदच नसे! २६ मे २०२५ पासून ती आवश्यक झाली असून, वाचन सर्वसाधारणपणे मान्य असले पाहिजे अशी अटही आली आहे. मुलाचे नाव पालकांनी कसेही वाचावे, हे स्वातंत्र्य त्यामुळे आक्रसले खरे. तथापि पहिल्याच दिवशी साऱ्या वर्गासमोर चुकीच्या नावाने हाक ऐकणाऱ्या मुलाचा विचार केला, तर मला हा नियम योग्य वाटतो.

आपल्या लेखनातही एक उणीव राहते. 'ओनो' या आडनावात आरंभीचा 'ओ' ऱ्हस्व असेल तर अर्थ 'लहान शेत'; दीर्घ असेल तर 'मोठे शेत'. देवनागरीत उ-ऊ असा भेद आहे, ऱ्हस्व-दीर्घ 'ओ'चा नाही. अवग्रह देऊन दुसरे आडनाव 'ओऽनो' असे लिहिता येईल. या लेखातील 'इचिरो'ही खरे पाहता 'इचिरोऽ'च आहे.