थोडी वापरलेली डिझेल एसयूव्ही घरी आल्यानंतर

वर्ष-दोन वर्षं वापरलेली एसयूव्ही घेण्यामागचा हिशेब सरळ असतो. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के, वर्षापर्यंतच्या गाडीला १५ टक्के, दोन वर्षांपर्यंत २० आणि तीन वर्षांपर्यंत ३० टक्के घसारा लावतात. बाजारात मागणी नसलेलं मॉडेल याहूनही खाली येतं. शिवाय महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात गाडी हात बदलत असेल, तर पहिल्या मालकाने एकरकमी भरलेला रोड टॅक्स तुम्हाला पुन्हा भरावा लागत नाही. म्हणजे गाडी जवळपास नवी, आणि पहिला मोठा खर्च दुसऱ्याच्या खिशातून गेलेला.

हिशेबात न येणारी गोष्ट एकच आणि तीच पुढच्या काही महिन्यांत समोर येते. गाडी आधी ज्या प्रकारे चालत होती, त्याच प्रकारे ती तुमच्याकडे चालणार नसते. माझ्या गाडीचे पहिले मालक नाशिकचे. कामानिमित्त सतत हायवेवर. माझ्याकडे ती पुण्यात कोथरूड-डेक्कन-मंडई अशी फिरते आणि सवड मिळाली की कोकणात उतरते. इंजिन तेच, तेल तेच, पण आतल्या यंत्रणांवर पडणारा ताण पार बदललेला. म्हणून घेताना किलोमीटर विचारतो तसंच गाडी कुठे चालली हेही विचारावं. आणि घरी आणल्यावर आपल्या वापरात तिचं काय होतं, ते समजून घ्यावं.

डिझेल गाडीत याचा सर्वांत मोठा फटका डीपीएफला बसतो, म्हणून त्यापासून सुरुवात करतो.

१ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ निकष लागू झाले. डिझेलमधल्या गंधकाचं प्रमाण दहा लाख भागांत ५० वरून १० वर आलं आणि डिझेल मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर, म्हणजेच डीपीएफ, बसवणं भाग पडलं. आतून ही सिरॅमिकची वीट मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते. हजारो बारीक नळ्या, एक पुढून बुजवलेली, शेजारची मागून बुजवलेली. धूर एका नळीत शिरतो, पुढे वाट नसल्यामुळे सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि बाहेर पडतो. काजळी भिंतीलाच अडकून राहते. जुन्या डिझेल गाड्यांमागे दिसणारा काळा भपका आता दिसत नाही, तो यामुळे.

अडकलेल्या काजळीचं काय करायचं? ती जाळावी लागते. हायवेवर एका वेगाने गाडी चालत असली की सायलेन्सरमधला वायू अडीचशे ते चारशे अंशांपर्यंत तापतो आणि त्यातल्या नायट्रोजन डायऑक्साइडच्या मदतीने काजळी हळूहळू आपोआप जळते. चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. शहरात मात्र वायू तेवढा तापत नाही. सिग्नल, दुसरा गिअर, पुन्हा सिग्नल. काजळी साठत जाते. फिल्टरच्या पुढचा आणि मागचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्यातला फरक वाढला की गाडीचा संगणक स्वतःहून साफसफाई सुरू करतो. यालाच गॅरेजवाले रिजन म्हणतात. सिलिंडरमध्ये मुख्य ज्वलन उरकल्यावर, अगदी उशिरा, थोडं जास्तीचं डिझेल सोडलं जातं. ते पुढे कॅटॅलिस्टवर जळतं आणि फिल्टरचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. तिथे काजळी पेटते.

 उशिरा सोडलेलं हे डिझेल सिलिंडरमध्ये पूर्ण जळत नाही, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण त्यातला काही भाग सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या खाली ओघळतो आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. रिजन पूर्ण झालं तर हे प्रमाण किरकोळ राहतं. अर्ध्यावर गाडी बंद केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू झालं, पुन्हा बंद केली, असं होत राहिलं तर ऑइल पातळ होत जातं.

म्हणून डिपस्टिक बघायची सवय लावा. सपाट जागी गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी पट्टी बाहेर काढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून काढायची. पट्टीवर खाली-वर दोन खुणा असतात. आपल्याला ऑइल कमी होण्याची भीती शिकवलेली आहे, पण डीपीएफच्या गाडीत पातळी वरच्या खुणेच्या पलीकडे चढलेली दिसली तर जास्त काळजी करावी. ऑइल आपोआप वाढत नाही. त्यात डिझेल उतरलेलं असतं. पट्टी नाकाजवळ धरली तर वासही येतो. अशा वेळी सर्व्हिसची तारीख येईपर्यंत थांबू नये, ऑइल बदलून घ्यावं. तेही मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या कमी राखेच्या ग्रेडचंच. ऑइलमधल्या रसायनांची राख फिल्टरमध्ये बसते आणि काजळीसारखी ती जाळता येत नाही.

रिजन सुरू आहे हे ओळखता येतं. उभ्या गाडीचे आरपीएम नेहमीपेक्षा शे-दोनशेने वर राहतात, सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बंद होत नाही, मायलेजचा आकडा एकदम पडतो. माझ्या गाडीत सर्वांत पक्की खूण म्हणजे पार्किंगमध्ये इंजिन बंद केल्यावरही रेडिएटरचा पंखा जोरात फिरत राहतो आणि गाडीखालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो. सोसायटीच्या वॉचमनदादांनी पहिल्यांदा धावत येऊन विचारलं होतं, गाडी पेटली की काय. पंखा सुरू असताना गाडी बंद केली याचा अर्थ बहुतेक वेळा रिजन अर्धवट राहिलं. शक्य असेल तर अशा वेळी घरी न वळता थोडं पुढे जाऊन यावं. आणि वाळलेल्या गवतावर तर अशी गाडी कधीच उभी करू नये.

डीपीएफचा दिवा लागला तर घाबरायचं कारण नाही, टाळायचंही नाही. सलग पंधरा-वीस मिनिटं, साठच्या वर वेग आणि दोन हजारांच्या आसपास आरपीएम ठेवता येईल असा रस्ता हवा. नेमका वेग आणि वेळ गाडीगणिक बदलते, मॅन्युअलमध्ये बघावी. पुण्यात यासाठी संध्याकाळचा बायपास उपयोगाचा नाही, नवले पुलाजवळ गाडी रांगेत अडकते. रविवारी पहाटे तळेगावच्या बाजूला जाऊन आलं की काम होतं. दिव्याकडे आठवडेच्या आठवडे दुर्लक्ष केलं तर गाडी ताकद कमी करून घेते, मग सर्व्हिस सेंटरमध्ये मशीन लावून रिजन करावं लागतं, आणि तेही जमलं नाही तर फिल्टर बदलण्याचा खर्च पुढे उभा राहतो. काही गॅरेजवाले फिल्टर पोकळ करून देतो म्हणतात. ते बेकायदा आहे आणि आपल्याच गल्लीतल्या पोरांच्या छातीत तो धूर जातो. असल्या माणसाकडे गाडी नेऊ नका.

बऱ्याच डिझेल एसयूव्हींमध्ये याच्या जोडीला डीईएफची, म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइडची, वेगळी टाकी असते. हे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी. नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड त्याने निवळतात. झाकण सहसा निळं असतं. पंपावर घाईत असलेल्या मुलाला ते दाखवून द्यावं, कारण डीईएफ डिझेलच्या टाकीत गेलं तर इंधनाची सगळी यंत्रणा खराब होते. आणि ते संपू देऊ नये. आधी इशारे येतात, पण पूर्ण संपलं की बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही.

आता वजन. मध्यम आकाराची एसयूव्ही रिकामी दीड टनाच्या पुढे-मागे असते. पाच माणसं, डिकीत बॅगा, येताना आंब्याच्या पेट्या, म्हणजे दोन टनांजवळ. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून थोडं वर आहे आणि खोपोली शंभराच्या आत. एवढं वजन पाचशे मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते ती कुठेतरी जायला हवी. पूर्ण उतार ब्रेकवर उतरलात तर ती सगळी डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन साठते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे जुनं ऑइल कमी तापमानाला उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडून खाली जातं. ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलतात. थोडी वापरलेली गाडी तुमच्याकडे येते ती नेमकी याच सुमारास, आणि दोन्ही मालक ते एकमेकांवर सोडून देतात. घेतल्याबरोबर बदलून घ्या.

घाटात ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा एसटीच्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. ऑटोमॅटिक गाडीत निवांत डी मध्ये ठेवून उतरू नये. मॅन्युअल मोडमध्ये घेऊन गिअर खाली आणावा. इंजिनचा आवाज चढतो, त्याने काही बिघडत नाही. ताम्हिणी, वरंधा, आंबोली, सगळीकडे हेच. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्यामुळे वळणावर ती हॅचबॅकपेक्षा जास्त कलते, तेव्हा वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात नव्हे.

टायरवर डीओटीच्या पुढे चार आकडे असतात. २४२३ म्हणजे २०२३ सालच्या चोविसाव्या आठवड्यात बनलेला. चारही टायरचे आणि स्टेपनीचे आकडे बघा. गाडी दोन वर्षांची आणि एकच टायर कालचा असेल तर का, हे विचारा. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर गार असताना. भरलेल्या गाडीसाठी आकडा वेगळा दिलेला असतो.

पावसाळ्याबद्दल एक गैरसमज काढायला हवा. ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटर आहे म्हणजे गाडी कुठल्याही पाण्यातून जाते असं नाही. इंजिनात हवा घेणारं तोंड किती उंचावर आहे, यावर ते ठरतं. समोरून आलेल्या ट्रकने उठवलेली लाट तिथपर्यंत पोहोचली की पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका, ढकलून बाहेर काढा. बंद पडल्यावर स्टार्ट करण्याच्या प्रयत्नात झालेलं इंजिनचं नुकसान साध्या विम्यात सहसा मिळत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

सनरूफ असेल तर तिच्या चौकटीच्या कोपऱ्यांत पाणी वाहून जाण्याची छिद्रं असतात, तिथून नळ्या खांबांमधून खाली जातात. सनरूफ पाणी पूर्ण अडवत नाही, थोडं आत येऊ देऊन ते या नळ्यांतून काढते. गुलमोहराखाली गाडी लावणाऱ्यांच्या त्या बारीक पानांनी बुजतात आणि मग पाणी छताच्या कापडातून ठिबकतं. मे महिन्यात सनरूफ उघडून चौकट पुसावी आणि कोपऱ्यात पेलाभर पाणी सावकाश ओतून बघावं. खाली चाकापाशी पाणी आलं की वाट मोकळी आहे.

कागदपत्रांचं काम कंटाळवाणं आहे, पण पुढे ढकलू नये. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०, आधी कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्याचा अर्ज द्यावा. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं अर्ज केल्याशिवाय येत नाही. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, त्यामुळे हप्ता वाढलेला दिसेल. जुना फास्टॅग बंद करून स्वतःचा घ्या. आणि टोकन देण्याआधी सोसायटीच्या यांत्रिक पार्किंगवरची पाटी वाचा. त्यावर उंची आणि वजनाची मर्यादा लिहिलेली असते, आणि जुन्या यंत्रांत एसयूव्ही बसत नाही.

इतके महिने वापरल्यावर माझं मत असं. आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर जाणार असेल, तर थोडी वापरलेली डिझेल एसयूव्ही पैशाच्या मानाने उत्तम सौदा आहे. वापर फक्त पोरांची शाळा, भाजी आणि पाच-सात किलोमीटरवरचं ऑफिस एवढाच असेल, तर तीच गाडी पेट्रोलमध्ये शोधा.