खनिजाच्या रुळांवरून बस्तर

दुर्ग स्थानकातून सकाळी पावणेसहाला वंदे भारत सुटते आणि दुपारी पावणेदोनला विशाखापट्टणमला पोचते. १६ सप्टेंबर २०२४ रोजी या गाडीला हिरवा झेंडा दाखवला गेला आणि भिलाईकरांना समुद्र आठ तासांवर आला. गाडी गुरुवार सोडून रोज धावते. बहुतेक प्रवासी किनारा पाहून त्याच गाडीने परत येतात. पण विशाखापट्टणमहून मागे न वळता डोंगर चढणारी किरंदुल पॅसेंजर धरायची, बस्तरमध्ये उतरायचे, तिथून बसने उत्तरेला सरकायचे आणि शेवटी अंतागडहून रेल्वेने घरी यायचे, अशीही एक फेरी होते. त्यासाठी ना भाड्याची बोलेरो लागते, ना टूर कंपनीचे पॅकेज.

जामुलच्या माणसाला ही फेरी जरा जास्तच जवळची वाटावी. भिलाईच्या उत्तरेला नंदिनी रस्त्यावरचे हे गाव ओळखले जाते ते सिमेंट कारखान्यासाठी. शेजारी पोलादाचा अजस्र कारखाना आहे. त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पेटली. त्यानंतर देशाच्या सगळ्या भागांतून माणसे इथे नोकरीला आली, त्यात विदर्भातली मराठी कुटुंबेही होती. मराठी वस्ती या प्रदेशात त्याआधीपासूनच होती. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. रेल्वेही नागपूरकडूनच आली. १८८० च्या दशकात नागपूर–राजनांदगाव मीटरगेज मार्ग झाला, मग बंगाल नागपूर रेल्वेने तो घेऊन रुंद केला आणि पुढे पूर्वेला नेला.

या भागात प्रवास आखताना एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. इथले निसर्गरम्य रेल्वेमार्ग प्रवाशांसाठी बांधलेले नाहीत. ते लोहखनिजासाठी आहेत. आणि बस धावतात त्या पर्यटनस्थळांच्या ओढीने नाही, तर तालुक्याच्या कचेऱ्या आणि आठवडी बाजार यांच्या हिशेबाने. खनिज आणि बाजार यांच्या वेळेशी आपली वेळ जुळवून घेतली, की बस्तर फार स्वस्तात पाहता येते. न जुळवता निघाले, तर एखाद्या फाट्यावर दुपार जाते.

विशाखापट्टणम–किरंदुल मार्ग याचे उत्तम उदाहरण. दंतेवाडा जिल्ह्यातल्या बैलाडिला डोंगररांगेतले लोहखनिज बंदरावर नेऊन जपानला पाठवायचे, यासाठी १९६० च्या दशकात पूर्व घाट फोडून हा मार्ग काढला. बैलाडिलाची पहिली खाण १९६८ मध्ये सुरू झाली. कोत्तवलसा सोडल्यावर रूळ डोंगराला भिडतात. अराकूपर्यंत पन्नासहून अधिक बोगदे लागतात, आणि दोन बोगद्यांच्या मध्ये खोल दऱ्या, कॉफीचे मळे, पायऱ्यापायऱ्यांची शेते दिसतात. वाटेतले शिमिलीगुडा स्थानक समुद्रसपाटीपासून जवळपास हजार मीटरवर आहे. भारतातले सर्वांत उंचावरचे ब्रॉडगेज स्थानक हा मान दीर्घकाळ त्याच्याकडे होता. एप्रिल २०१७ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा सुरू केला, तो याच अराकूच्या वाटेवर. मुंबई–गोवा जनशताब्दीला तसा डबा लागला तो त्यानंतर काही महिन्यांनी. व्हिस्टाडोममध्ये खुर्ची फिरते आणि फोटो छान येतात. तरी साध्या डब्याची उघडी खिडकी काही कमी नाही. बोगद्यात शिरताना पोरांनी मारलेल्या आरोळ्या तिथेच ऐकू येतात.

अराकूच्या अलीकडे बोर्रा गुहलू नावाचे स्थानक आहे. उतरले की जवळच चुनखडीच्या प्रचंड गुहा आहेत. जामुलमध्ये चुनखडी म्हणजे सिमेंटचा कच्चा माल. तोच दगड पाण्यात विरघळून हजारो वर्षे थेंबाथेंबाने पुन्हा साचत राहिला की काय होते, ते बोर्राच्या छतावरून लोंबणाऱ्या दगडी झुंबरांत दिसते.

घाईच्या माणसाने या गाडीच्या नादी लागू नये. मार्गावर पहिला हक्क खनिजाच्या मालगाड्यांचा, त्यामुळे पॅसेंजर मध्येच थांबून राहते. पावसाळ्यात दरडी कोसळून वाहतूक बंद पडते. माओवादी घातपातांच्या काळात ही गाडी कितीतरी वेळा दंतेवाड्यालाच थांबवली गेली आणि किरंदुलपर्यंत गेलीच नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी गाडी कुठपर्यंत जाणार आहे, हे विचारून घेणे आवश्यक आहे. जगदलपूरला उतरणाऱ्याला मात्र ही अडचण सहसा येत नाही, कारण जगदलपूर अलीकडे लागते. विशाखापट्टणम सोडल्याच्या दिवशीच उजेड असताना तिथे पोचण्याची आशा धरता येते.

परदेशात स्वतःच्या हिमतीवर रेल्वे-बसने फिरणाऱ्यांचे लाडके उदाहरण म्हणजे स्वित्झर्लंड. मराठी घरांतून तिथे जाणारे बहुतेक लोक अजूनही सहल कंपनीच्या बसमधून जातात, ही गोष्ट वेगळी. त्या देशाने १९८२ मध्ये सगळ्या गाड्या ठरावीक तालावर आणल्या: दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, आणि स्थानकाबाहेर तिची वाट पाहणारी पिवळी पोस्टबस. एका पासवर रेल्वे, बस, बोट सगळे चालते. बर्फाची शिखरे तर आपल्याकडेही आहेत. पण गाडी आल्यावर सुटणारी बस आपल्याकडे विरळाच. महाराष्ट्रात एसटीने १९८८ मध्ये ‘आवडेल तेथे प्रवास’ ही चार आणि सात दिवसांच्या पासाची योजना आणली. ती आजही चालू आहे, आणि तिच्या जोरावर कोकणापासून मेळघाटापर्यंत भटकणारे लोक आहेत. छत्तीसगडमध्ये तसा पास मिळणे शक्य नाही, कारण तिथे राज्याची एसटीच नाही. २००० साली राज्य झाल्यावर थोड्याच वर्षांत परिवहन महामंडळ गुंडाळले गेले. रस्ते खासगी बसवाल्यांच्या हाती गेले.

म्हणजे बसस्टँडवर आरडाओरडा करून प्रवासी भरणारा कंडक्टर हीच इथली चौकशी खिडकी. त्याला विचारायला लाजू नये. रायपूर–जगदलपूर हमरस्त्यावर बसची वानवा नाही, रात्रीच्या स्लीपर गाड्याही आहेत. खरी पंचाईत हमरस्ता सोडल्यावर होते. २०२५ मध्ये राज्य सरकारने बस्तरच्या आडगावांसाठी ग्रामीण बस योजना सुरू केली आहे. ती किती टिकते ते पाहायचे.

जगदलपूरला मुक्काम ठोकला की चित्रकोट चाळीस किलोमीटरच्या आत आहे. तिथे इंद्रावती घोड्याच्या नालेसारख्या कड्यावरून साधारण तीस मीटर खाली कोसळते. भर पावसाळ्यात पाण्याची रुंदी तीनशे मीटरच्या घरात जाते आणि रंग गढूळ तांबूस असतो. हिवाळ्यात तोच प्रपात वेगवेगळ्या पांढऱ्या धारांत विभागतो. वाटेवर लोहंडीगुडा लागते. तिथला हाट शुक्रवारी. ज्याला बसने जायचे आहे त्याने शुक्रवारच निवडावा, कारण त्या दिवशी गाड्या जास्त आणि प्रवासात सोबत कोंबड्या, मोह, टोपल्या अन् गप्पा. हाटात पानाच्या द्रोणात लाल मुंग्यांची चापडा चटणी मिळते. ती खावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मराठी माणसाला बाजारातली हलबी बोली कानावर पडली की अधूनमधून ओळखीचे वाटते; ग्रियर्सनने आपल्या भाषा-पाहणीत तिची नोंद मराठीच्या खंडात केली, ती उगीच नाही.

तीरथगड धबधबा आणि कुटुमसर गुहा कांगेर खोऱ्याच्या राष्ट्रीय उद्यानात आहेत. १९८२ मध्ये घोषित झालेले हे उद्यान दोनशे चौरस किलोमीटरचे आहे. सुकम्याकडे जाणारी बस फाट्यावर सोडते. कुटुमसरला वनखात्याच्या नाक्यावरून जिप्सी घ्यावी लागते, आणि पावसाळ्यात गुहेत पाणी भरते म्हणून ती बंद असते. म्हणजे धबधबा भरलेला पाहायचा तर गुहा नाही, आणि गुहा पाहायची तर धबधबा थोडा ओसरलेला. पावसाळा सरता सरता, गुहा उघडल्याची खात्री करून निघावे, हा मधला मार्ग. दसऱ्याच्या सुमारास गेले तर जगदलपूरमध्ये दंतेश्वरीचा रथ ओढला जातो. बस्तरचा दसरा पंचाहत्तर दिवस चालतो आणि त्यात रावणदहन नसते. त्या दिवसांत मात्र खोली आधी ठरवून ठेवलेली बरी.

परतीचा रस्ता कोंडागावातून. ओतीव धातूच्या ढोकरा मूर्ती घडवणाऱ्यांचे हे गाव. मेणाचा साचा, मातीचे कवच आणि वितळलेले पितळ हे सगळे भट्टीजवळ उभे राहून पाहता येते. इथून सरळ उत्तरेला गेले तर केशकालचा बारा वळणांचा घाट, मग कांकेर, धमतरी आणि रायपूर. हा सोपा मार्ग. वेळ असेल तर कोंडागावहून पश्चिमेला नारायणपूरची बस धरावी. अबुझमाडच्या उंबरठ्यावरचे हे गाव फेब्रुवारीतल्या मावली मेळ्यासाठी प्रसिद्ध आहे. मुख्य रस्ता सोडून आत शिरायचे तर स्थानिकांना विचारल्याशिवाय शिरू नये. नारायणपूरहून अंतागड पन्नासेक किलोमीटर.

अंतागडला पुन्हा खनिजाचे रूळ भेटतात. भिलाईला आजवर लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणी रिकाम्या होत आल्या, तेव्हा रावघाटच्या डोंगरापर्यंत ९५ किलोमीटरचा मार्ग काढायचे ठरले. सशस्त्र सीमा बलाच्या पहाऱ्यात तो टप्प्याटप्प्याने पुढे सरकला. भानुप्रतापपूर, मग २०२२ मध्ये अंतागड, आणि ३ ऑक्टोबर २०२३ रोजी अंतागडवरून जाणारी ताडोकी–रायपूर डेमू सुरू झाली. गाडी साधी, भाडे किरकोळ, दोन्ही बाजूंना साल-सागवानाचे जंगल. दल्ली राजहराला मातीसुद्धा लाल. वेळ असेल तर तिथे उतरून शहीद रुग्णालय पाहावे. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली खाणकामगारांनी ते १९८३ मध्ये उभे केले. पुढे बालोद, गुंडरदेही, मरोदा आणि दुर्ग. रायपूरकडे जाताना ही गाडी भिलाई पॉवर हाऊसवरून जाते. तिथून जामुलला ऑटो.

रेल्वेचे चक्राकार तिकीट ज्यांना माहीत आहे, ते विचारतील की सगळी फेरी एकाच तिकिटावर का करू नये. निघालेल्या स्थानकावरच परत येणाऱ्या या तिकिटावर आठ ठिकाणी उतरता येते आणि लांब अंतराचा दर लागून भाडे कमी पडते. पण इथे वर्तुळ पुरे होत नाही. रावघाट ते जगदलपूर हे १४० किलोमीटर रूळ अजून पडायचे आहेत. त्यांना केंद्राची मंजुरी २०२५ मध्ये मिळाली. तोवर तो तुकडा बसचा.

रूळ पडायला वर्षे लागतील, पण बसची वेळ आजही जुळवता येईल. अंतागडला डेमू आल्यावर नारायणपूरची एक बस स्थानकाबाहेर उभी राहावी आणि तिची वेळ दुर्गच्या फलाटावर एका पाटीवर लिहिलेली असावी, एवढी मागणी भिलाई-दुर्गच्या प्रवासी संघटनांनी रेल्वे आणि राज्य परिवहन खात्याकडे लावून धरायला हवी.