नजर आणि पडताळा

आंधळगांवचा गाडीवान आंसाची खीळ तपासल्यावांचून वाटेस लागत नाहीं. आपल्या शेजारीं नागपुरास मिहान येथें विमानांची दुरुस्ती होते. त्या कामींही हीच दक्षता लागते. भाग काढण्यापूर्वीं वीज व तेलाचा दाब बंद करून तशी पाटी लावितात. काढलेल्या भागास चिठ्ठी बांधितात. बसवितांना बोल्टाचा क्रमांक पुस्तकाशीं ताडून नेमक्या जोरानें आवळितात. शेवटीं हत्यारें मोजितात.

१९९० सालीं एका ब्रिटिश विमानास नवी कांच बसवितांना पुस्तक न पाहतां नजरेनेंच बोल्ट निवडले गेले. ९० पैकीं ८४ किंचित् बारीक होते. आकाशांत कांच निखळून कप्तान अर्धा बाहेर ओढला गेला. सोबत्यांनीं घट्ट धरल्यामुळें तो वांचला. मुलांनो, नजरेवर विसंबूं नका, पडताळून पाहा, हेंच आमचें सांगणें.