‘९९९९ इन १’ची थाप

पेण-रोह्यात नव्वदच्या दशकात वाढलेल्या कुणाला ‘फॅमिकॉम’ विचाराल तर तो डोकं खाजवेल. ‘व्हिडिओ गेम’ म्हणा, लगेच पिवळी कॅसेट आठवेल. निन्टेन्डोचं फॅमिकॉम जपानात १९८३ साली आलं. आपल्याकडे पोचल्या त्या त्याच्या नकला, ‘लिटल मास्टर’सारख्या नावांच्या. मुंबईचा एखादा मामा मनीष मार्केटातून डबा आणायचा आणि सुट्टीभर त्या घरच्या पोराचा भाव वधारायचा.

कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९९९ इन १’. शुद्ध थाप! मोजके गेम, तेच नावं बदलून आणि मधल्याच स्टेजपासून सुरू करून पानोपान फिरवलेले. यादीमागे नारळ, समुद्र आणि एक संथ चाल. ती १९५५च्या ‘अनचेन्ड मेलडी’ या अमेरिकी गाण्याची, हे कळायला इंटरनेट यावं लागलं. थापेची तक्रार मात्र कुणी केली नाही. काँट्रा आणि मारिओ असले की उरलेल्या ९९९७ची कुणाला पडलीय!

मारिओचा अख्खा गेम ४० केबीत मावलेला. जागा वाचवायला ढग आणि झुडूप एकाच चित्रातून काढलेले, फक्त रंग वेगळा. इतकी वर्षं खेळून ते एकाच्याही डोळ्यांना दिसलं नाही. त्यात सेव्हची सोय नव्हती. आठव्या वर्ल्डमध्ये लाइट गेली की पुन्हा श्रीगणेशा, आणि कोकणातल्या पावसाळ्यात लाइट जायचीच.

काँट्रा दोघांनी खेळायचा आणि दोघांनी भांडायचा. धबधब्याच्या स्टेजला एक जण भराभर वर चढला की पडदा त्याच्याबरोबर सरकायचा आणि खाली राहिलेला फुकट मरायचा.

‘‘ए, थांब ना रे!’’

‘‘तूच ये ना पटापट!’’

त्यात ‘एस’ गन त्यानेच उचलली असेल तर रिमोट आपटून उठायचं. तीस लाइफचा कोड (वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए) पाढ्यांपेक्षा पक्का पाठ. रोह्यात ज्यांचे बाबा धाटावच्या एमआयडीसीत नाइट करून दुपारी झोपलेले असत, त्यांनी ही सगळी लढाई टीव्हीचा आवाज बंद करून लढली आहे.

कॅसेट अडली की फुंकर. तिचा उपयोग काहीच नव्हता. कॅसेट काढून परत बसवल्याने पिना नीट टेकायच्या आणि श्रेय फुंकरीला मिळायचं.

घराबाहेर, व्हिडिओ गेम पार्लरमध्ये, राज्य मुस्तफाचं. गेम कॅपकॉमचा, १९९३चा, नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पण त्यातल्या पिवळ्या टोपीच्या मुस्तफाने नावासकट तो खिशात घातला.

घरच्या गेममधली खरी गंमत मात्र बदकं टिपायच्या बंदुकीची. तिच्यातून काही सुटतच नसे, उलट ती पडदा बघायची. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा व्हायचा, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, तो उजेड बंदुकीला दिसला की बदक पडलं. हे तंत्र जुन्या ट्यूबच्या टीव्हीच्या नेमक्या वेळेवर बेतलेलं.

निन्टेन्डोने मूळ फॅमिकॉम २००३ साली बंद केलं, नकला अजून ऑनलाइन मिळतात. मुलांसाठी मागवणार असाल तर आधी माळ्यावरचा डबा टीव्ही चालतोय का बघा. सपाट पडद्यावर ती बंदूक एकही बदक पाडणार नाही.